लास्कर-डिबेकी पुरस्कार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी सप्टेंबरमध्ये, म्हणजे नोबेलच्या थोडं आधी, अमेरिकेतले लास्कर पुरस्कार जाहीर होतात. चार ओळींची बातमी येते, 'अमेरिकेचं नोबेल' असा उल्लेख होतो आणि विषय तिथेच संपतो. या पुरस्कारांपैकी लास्कर-डिबेकी हा रोगांवरच्या उपचारांसाठीच आहे. त्याच्याविषयी पुन्हापुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्यामागच्या गोष्टी दोन ओळींत सांगून टाकाव्यात अशा नाहीत.

हा पुरस्कार नेमका कशासाठी दिला जातो?

ज्या संशोधनामुळे रुग्णाचा आजार ओळखण्याची, बरा करण्याची किंवा टाळण्याची पद्धतच बदलली, अशा संशोधनासाठी. त्याचं पूर्ण नाव लास्कर-डिबेकी वैद्यकीय संशोधन पुरस्कार. इथे 'वैद्यकीय' म्हणजे प्रत्यक्ष रुग्णाशी संबंधित. पेशीच्या आत काय चालतं याच्या मूलभूत शोधांसाठी लास्करचाच वेगळा पुरस्कार आहे. ही विभागणी मला फार महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट कळणं आणि तिच्यामुळे खाटेवरचा माणूस उठून घरी जाणं, या दोन टप्प्यांमध्ये कित्येकदा वीस-तीस वर्षांचं काम असतं, आणि ते करणारी माणसं सहसा प्रकाशात येत नाहीत. हा पुरस्कार नेमका त्या मधल्या वाटेचा आहे.

तो कोणी सुरू केला? डिबेकी कोण?

अल्बर्ट आणि मेरी लास्कर या दांपत्याने १९४५ मध्ये. अल्बर्ट हे जाहिरातक्षेत्रातलं मोठं नाव. लकी स्ट्राइक सिगारेटच्या गाजलेल्या जाहिराती त्यांच्याच एजन्सीच्या, हेही सांगायला हवं. १९५२ मध्ये ते कर्करोगाने गेले. मेरी लास्कर यांनी त्यानंतरची चार दशकं वैद्यकीय संशोधनाला सरकारी पैसा मिळवून देण्यात घालवली. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. पण खासदारांना भेटणं, आकडे समोर ठेवणं, वर्तमानपत्रांना कामाला लावणं हे त्यांना उत्तम जमायचं. १९७१ चा अमेरिकेचा राष्ट्रीय कर्करोग कायदा झाला त्यात त्यांच्या पाठपुराव्याचा मोठा वाटा होता.

मायकल डिबेकी हे हृदय आणि रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद. त्यांना स्वतःला हा पुरस्कार १९६३ मध्ये मिळाला होता. २००८ पासून पुरस्काराला त्यांचं नाव जोडलं गेलं.

एकूण किती पुरस्कार असतात आणि रक्कम किती?

मूलभूत संशोधन आणि वैद्यकीय संशोधन हे दोन मुख्य. तिसरा एका वर्षी लोकसेवेसाठी, तर पुढच्या वर्षी आयुष्यभराच्या कार्यासाठी, असा आलटून-पालटून. प्रत्येक पुरस्काराची रक्कम २,५०,००० डॉलर. विजेते एकापेक्षा जास्त असतील तर ती वाटली जाते. सोबत 'सॅमोथ्रेसची विजयदेवता' या प्राचीन ग्रीक शिल्पाची छोटी प्रतिकृती मिळते.

याला 'अमेरिकेचं नोबेल' का म्हणतात?

लास्कर मिळालेल्यांपैकी ८० हून अधिक जणांना पुढे नोबेलही मिळालं, म्हणून. तू योयो यांना २०११ मध्ये लास्कर आणि २०१५ मध्ये नोबेल. जेम्स ॲलिसन यांना २०१५ आणि २०१८. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२१ आणि २०२३.

तरी मला हे टोपणनाव पटत नाही. नोबेलची आधीची पायरी एवढीच ओळख राहिली, तर ज्यांना नोबेल मिळालंच नाही ते विजेते दुय्यम ठरतात. जपानचे अकिरा एंडो बघा. सांक्यो कंपनीत दोन वर्षांत सहा हजारांवर बुरशा तपासून त्यांनी १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन, म्हणजे रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध शोधलं, तेही तांदळावर सापडलेल्या निळसर-हिरव्या बुरशीतून. उंदरांच्या जातीच्या प्राण्यांवर त्याचा काहीच परिणाम दिसेना. तिथेच औषध बाद झालं असतं. मग ते अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना देऊन पाहिलं आणि त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलं. पुढे दुसऱ्या कंपनीचं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये बाजारात आलं, आणि आज जगभर कोट्यवधी माणसं या गटातली गोळी रोज घेतात. एंडोंना लास्कर २००८ मध्ये मिळाला. नोबेल न मिळताच २०२४ मध्ये ते गेले.

आणखी एक फरक: नोबेल मरणोत्तर विचारात घेतलं जात नाही. लास्करच्या बाबतीत चार्ल्स केलमन यांचं उदाहरण आहे. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसलेले असताना दात साफ करणारं ध्वनिलहरींचं उपकरण त्यांनी पाहिलं, आणि त्याच तत्त्वावर मोतीबिंदू फोडून बारीक छेदातून ओढून घेण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. पुरस्कार २००४ चा, आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचं निधन झालं होतं.

एखादं असं काम सांगा, ज्यावरून पुरस्काराचा उद्देश कळेल.

२००२ चा पुरस्कार. विलेम कोल्फ आणि बेल्डिंग स्क्रिबनर, डायलिसिससाठी, म्हणजे निकामी मूत्रपिंडांऐवजी यंत्राने रक्त शुद्ध करण्यासाठी.

दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना कोल्फ कांपेन गावातल्या छोट्या रुग्णालयात डॉक्टर होते. सामान मिळणं मुश्कील. सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी त्यांनी लाकडी पट्ट्यांच्या ड्रमवर गुंडाळली आणि ड्रम मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडवून फिरवत ठेवला. रुग्णाचं रक्त नळीतून वाहायचं, आणि त्यातलं युरिया हे टाकाऊ द्रव्य सेलोफेनच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेरच्या पाण्यात उतरायचं. हे १९४३ मधलं. सुरुवातीचे रुग्ण एकामागून एक दगावले. १९४५ मध्ये मूत्रपिंडं बंद पडून बेशुद्धीत गेलेली ६७ वर्षांची एक बाई या यंत्रावर काही तास राहिल्यावर शुद्धीवर आली आणि जगली.

तरीही अडचण उरली होतीच. प्रत्येक वेळी रुग्णाच्या शरीराला यंत्र जोडायचं तर एक धमनी आणि एक शीर उघडायची, आणि त्या जागा पुन्हा वापरता यायच्या नाहीत. थोड्या दिवसांत शरीरावर जागाच उरायची नाही. त्यामुळे ज्यांची मूत्रपिंडं तात्पुरती बंद पडली आहेत त्यांनाच डायलिसिसचा उपयोग. ज्यांची कायमची गेली, त्यांच्यासाठी काही नाही.

सिॲटलमधल्या स्क्रिबनर यांनी १९६० मध्ये यावर तोड काढली. टेफ्लॉनच्या बारीक नळीचं एक टोक हाताच्या धमनीत, दुसरं शिरेत, आणि मधला इंग्रजी यू अक्षरासारखा वळसा कातडीबाहेर. डायलिसिस नसेल तेव्हा रक्त त्या वळशातून फिरत राहायचं. टेफ्लॉनला रक्त सहसा चिकटत नाही, म्हणून गुठळी व्हायची नाही. डायलिसिसची वेळ झाली की वळसा काढून तिथे यंत्र जोडायचं. वेगळं ऑपरेशन नाही, नवी जागा नाही. नळीला आकार देण्यात वेन क्विंटन या अभियंत्याचा हात होता. ही नळी बसवलेले पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स, त्यानंतर अकरा वर्षं जगले.

मला या पुरस्काराचं मोल इथे दिसतं. हातभर लांबीसुद्धा नसलेल्या एका नळीने 'शेवटच्या टप्प्याचा आजार' हा 'आठवड्यातून ठरलेले वार रुग्णालयात जायचं' असा आजार करून टाकला. नवा रेणू सापडला नव्हता, निसर्गाचा नवा नियमही कळला नव्हता.

या शोधाने नवा पेचही उभा केला. यंत्रं मोजकी आणि मरणाच्या दारातले रुग्ण कितीतरी. सिॲटलमध्ये सामान्य नागरिकांची एक समिती नेमली गेली आणि कोणाला डायलिसिस द्यायचं हे ती ठरवू लागली. समितीपुढे रुग्णाचं वय, नोकरी, मुलंबाळं अशी माहिती यायची. १९६२ मध्ये ही गोष्ट मासिकात छापून आल्यावर देशभर चर्चा झाली. वैद्यकीय नीतिशास्त्र हा विषय पुढे स्वतंत्रपणे उभा राहिला त्यामागे या प्रसंगाचाही वाटा आहे. १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून मूत्रपिंडं निकामी झालेल्या बहुतेक रुग्णांचा डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यात घेतला.

काम झाल्यानंतर पुरस्कार मिळायला इतकी वर्षं का लागतात?

उपचार खरंच टिकतो का हे दिसायला वेळ लागतो म्हणून. औषध आलं त्या वर्षी सगळेच खूश असतात. दहा वर्षांनी किती रुग्ण जिवंत आहेत आणि दुष्परिणाम काय निघाले, यावरून खरी किंमत कळते.

शोधापासून उपचारापर्यंतची वाट किती लांब असते हे पाहायचं असेल तर लास्करच्या यादीतलीच दोन वर्षं शेजारी ठेवा, १९९८ आणि २००९. पीटर नॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्याला १९६० मध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. ते फिलाडेल्फियात काम करत होते, म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र हे नाव पडलं. ते आखूड का, हे कळायला आणखी तेरा वर्षं गेली. जॅनेट रॉली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की तुटलेला तुकडा नाहीसा होत नाही. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते. त्या सांध्यावर एक विकृत जनुक तयार होतं आणि त्याचं प्रथिन पेशीला सतत 'वाढ, वाढ' असा हुकूम देत राहतं. नॉवेल, रॉली आणि आल्फ्रेड नुडसन यांना १९९८ चा पुरस्कार मिळाला.

त्याच १९९८ मध्ये ब्रायन ड्रकर यांनी त्या प्रथिनाला थोपवणारं औषध, इमॅटिनिब, पहिल्यांदा रुग्णांना द्यायला सुरुवात केली. तिथवर जुन्या औषधांना दाद न देणारे रुग्ण होते हे. ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशींचं प्रमाण पूर्ववत झालं. पहिल्याच टप्प्याच्या चाचणीत असे आकडे कर्करोगाच्या डॉक्टरांनी पाहिले नव्हते. २००१ मध्ये औषधाला मंजुरी मिळाली, आणि २००९ चा पुरस्कार ड्रकर, निकोलस लायडन आणि चार्ल्स सॉयर्स यांना. सॉयर्स यांचं काम मला विशेष वाटतं. काही रुग्णांवर औषध चालेनासं का होतं हे शोधून त्या रुग्णांसाठी पुढचं औषध आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. गुणसूत्र दिसल्यापासून गोळी हातात येईपर्यंत ४१ वर्षं.

तो फक्त डॉक्टरांनाच मिळतो का?

नाही. २०१८ चे विजेते जॉन ग्लेन हे पशुवैद्य. शस्त्रक्रियेआधी भूल देण्यासाठी आज जगभर वापरलं जाणारं प्रोपोफॉल त्यांच्या कामातून आलं. २०१३ मध्ये कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवायचं उपकरण) निवडलेल्या तिघांत इंगेबोर्ग होखमायर आणि ब्लेक विल्सन हे अभियंते. तिसरे ग्रॅम क्लार्क कानाचे शल्यविशारद. कानातल्या शंखाकृती पोकळीत लवचीक तार वळवून कशी सरकवायची हे त्यांना समुद्रकिनाऱ्यावर एक शंख आणि गवताची पाती हाताळताना सुचलं: टोकाला मऊ आणि बुडाशी ताठ पातं आत नीट सरकतं. २००६ चे ॲरन बेक हे मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टरच, पण त्यांनी औषध शोधलं नव्हतं. नैराश्यावरची एक संवादपद्धती घडवली आणि तिचा गुण येतो का हे मोजून दाखवलं.

श्रेयावरून वाद होतात का?

होतात, आणि त्यातले काही रास्त आहेत.

१९५४ चा पुरस्कार आल्फ्रेड ब्लॅलॉक, हेलन टॉसिग आणि रॉबर्ट ग्रॉस यांना मिळाला. जन्मतः हृदयदोष असलेल्या, ओठ-नखं निळी पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया ब्लॅलॉक आणि टॉसिग यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. टॉसिग यांना ऐकू कमी यायचं, त्या बाळाच्या छातीवर हात ठेवून हृदयाची धडधड जोखायच्या. त्यांचा मान निर्विवाद. पण प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया बसवणारे विव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ होते. १९४४ मध्ये पहिल्या बाळावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून प्रत्येक टाक्याला सूचना देत होते. त्यांचं नाव पुरस्कारात नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये.

२०११ मध्ये उलट आक्षेप आला. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन हे चीनमधल्या मोठ्या सरकारी प्रकल्पाचं फळ, मग एकट्या तू योयो यांना पुरस्कार कसा? निवड मंडळाने निर्णायक पाऊल कोणाचं हे पाहिलं. उकळल्याने गुण जातो, अर्क कमी तापमानाला काढायला हवा, हे जुन्या ग्रंथातल्या नोंदीवरून त्यांनी ओळखलं होतं. मला ही निवड योग्य वाटते, पण प्रकल्पातल्या इतरांची हळहळही समजते.

स्वेतलाना मॉयसोव्ह यांना तर पेटंटवर स्वतःचं नाव यावं म्हणून झगडावं लागलं. मधुमेह आणि लठ्ठपणावरची नवी औषधं ज्या संप्रेरकावर उभी आहेत, त्याचा नेमका सक्रिय भाग ओळखणाऱ्यांत त्या होत्या. २०२४ मध्ये जोएल हॅबेनर आणि लोट्टे बियेर क्नुडसेन यांच्यासोबत त्यांचंही नाव आलं.

सगळ्यात क्लेशदायक नोंद १९४६ ची आहे. सिफिलिसवर पेनिसिलिन चालतं हे दाखवणारे जॉन महोनी यांना त्या वर्षी गौरवण्यात आलं. त्याच सुमारास ग्वाटेमालामध्ये कैदी, सैनिक आणि मनोरुग्णांना संमतीवाचून लैंगिक आजारांची लागण करणारे प्रयोग त्यांच्या देखरेखीखालच्या खात्याकडून चालले होते. ते पुढे उघडकीस आलं आणि २०१० मध्ये अमेरिकेने माफी मागितली. पुरस्कारांच्या इतिहासातून हे वगळू नये.

ज्यांना आधी नाकारलं गेलं, अशा कोणाला तो मिळाला आहे का?

मिन च्यू ली यांना. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ते कोरिओकार्सिनोमा या गर्भाशयातल्या कर्करोगाच्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट हे केमोथेरपीचं औषध देत होते. एक्स-रेमधल्या गाठी नाहीशा झाल्या, पण लघवीत एचसीजी हे त्या कर्करोगाच्या पेशींतून स्रवणारं संप्रेरक थोडं सापडत होतं. ली यांनी तो आकडा शून्यावर येईपर्यंत औषध चालूच ठेवलं. गाठ दिसत नसताना विषारी औषध देणं म्हणजे रुग्णांवर प्रयोग करणं, असं म्हणून त्यांना संस्था सोडायला लावली. पुढे दिसलं की औषध लवकर थांबवलेल्यांचा आजार उलटला आणि ली यांच्या रुग्णांचा उलटला नाही. दिसेनाशा झालेल्या कर्करोगावरही उपचार चालू ठेवायचा, हे तत्त्व आज अनेक कर्करोगांच्या केमोथेरपीत पाळलं जातं. १९७२ मध्ये केमोथेरपीसाठी डझनाहून अधिक जणांना मिळून पुरस्कार दिला गेला, त्यात ली होते.

कोरोनाच्या आरएनए लसींमागच्या संशोधक कारिको यांची कहाणी आता बऱ्याच जणांना माहीत आहे: १९९५ मध्ये विद्यापीठात पदावनती, आरएनएवरच्या कामाला निधी नाही, आणि तरी काम चालूच.

भारतीय वंशाच्या कोणाला मिळाला आहे?

हरगोबिंद खोराना यांना १९६८ मध्ये, पण मूलभूत संशोधनाचा. त्याच वर्षी त्यांना नोबेलही मिळालं. उपचारांच्या गटात रविंदर मैनी यांना, मार्क फेल्डमन यांच्यासोबत, २००३ मध्ये. संधिवातात सांध्यांची जळजळ टीएनएफ या एका प्रथिनाभोवती फिरते हे त्यांनी लंडनमध्ये दाखवलं, आणि ते प्रथिन अडवलं की सुजलेले सांधे उतरतात हे रुग्णांवर सिद्ध केलं.

पुरस्कार मिळालेली औषधं सामान्य माणसाला परवडतात का?

सगळी नाही, आणि ही या यादीची दुखरी बाजू आहे. हिपॅटायटिस-सी बरा करणाऱ्या सोफोसबुव्हिरसाठी मायकल सोफिया २०१६ च्या विजेत्यांत होते. २०१३ च्या अखेरीस ते अमेरिकेत आलं तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर, बारा आठवड्यांचे ८४,००० डॉलर. इमॅटिनिबवरून भारताच्या सर्वोच्च न्यायालयात पेटंटचा खटला चालला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली, त्यामुळे स्वस्त पर्यायी औषधं बाजारात राहू शकली. औषध शोधणं आणि ते पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याचा मान या पुरस्कारात नाही, लोकसेवेच्या पुरस्कारात थोडाफार आहे.

पुरस्कार मिळालेला उपचार म्हणजे माझ्यासाठीही सर्वोत्तम, असं समजावं का?

नाही. इमॅटिनिब ज्या ल्युकेमियात चमत्कार करतं, त्याच्या शेजारच्या प्रकारात निरुपयोगी ठरू शकतं. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: माझ्या आजाराच्या नेमक्या प्रकारावर हे तपासलं आहे का, आणि त्यासाठी माझी कोणती चाचणी करावी लागेल?

एखाद्या वर्षी पुरस्कार दिलाच नाही, असं झालं आहे का?

२०२० मध्ये, कोरोनामुळे.

२०२५ चा पुरस्कार कशासाठी होता?

सिस्टिक फायब्रोसिसच्या औषधांसाठी. विजेते मायकल वेल्श, हेसूस गोन्झालेस आणि पॉल नेगुलेस्कू. या आनुवंशिक आजारात फुप्फुसांत चिकट स्राव साचतो, जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होतो आणि पूर्वी रुग्ण लहान वयातच जायचे. सदोष जनुक १९८९ मध्ये सापडलं. वेल्श यांच्या गटाला दिसलं की आजाराच्या सर्वात सामान्य प्रकारात प्रथिन बनतं, पण नीट घडी न पडल्याने पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. तापमान कमी ठेवलं तर ते पोचतं आणि थोडंफार कामही करतं. म्हणजे ते दुरुस्त होऊ शकतं. गोन्झालेस यांनी हजारो रसायनं झपाट्याने तपासण्याची चमकत्या रंगद्रव्यांची पद्धत दिली, तर नेगुलेस्कू यांनी औषध कंपनीत तो शोध वर्षानुवर्षं रेटला. २०१९ मध्ये तीन औषधांची एकत्र गोळी मंजूर झाली. ती सुमारे ९० टक्के रुग्णांना लागू पडते. उरलेल्यांपैकी अनेकांच्या शरीरात ते प्रथिन बनतच नाही, त्यामुळे दुरुस्त करायला काही नसतं. त्यांच्यासाठी जनुक किंवा आरएनए थेट फुप्फुसात पोचवण्याचे प्रयत्न सुरू आहेत.